ओळखीचा चेहरा, परका अर्थ

इंग्रजी वाक्प्रचार शिकवताना मला अनोळखी वाक्प्रचारांची काळजी नसते. 'लर्न द रोप्स' म्हटलं की मुलं अडतात आणि विचारतात. शिडाच्या जहाजावरचे दोर, त्यांची ओळख करून घेणारा नवा खलाशी एवढं सांगितलं की अर्थ कायमचा बसतो. घात करतात ते ओळखीचे वाटणारे. तिथे कुणी थांबतच नाही.

'वॉश युअर हँड्स ऑफ' घ्या. मराठी मुलाला लगेच 'हात धुवून मागे लागणे' आठवतं, हिंदीतलं 'हाथ धो बैठना'ही कानावर असतंच. एकात पिच्छा पुरवणं, दुसऱ्यात गमावून बसणं. इंग्रजीत मात्र जबाबदारी झटकणं! बायबलमध्ये रोमन सुभेदार पिलात येशूला शिक्षेसाठी सोपवण्याआधी जमावासमोर हात धुतो, त्या प्रसंगाची ही खूण. ती कळली की 'हात झटकणे' मुलांना आपणहून सुचतं.

'पुलिंग माय लेग'चंही तसंच. आपल्या 'पाय ओढणे'त दुसऱ्याला वर चढू न देण्याची असूया आहे, इंग्रजीत निव्वळ थट्टा. ऑफिसात कुणी हसत म्हटलेलं हे वाक्य नवशिक्याच्या जिव्हारी लागतं. व्याकरणाची चूक कुणीतरी दुरुस्त करतं, असा गैरसमज कुणाला दिसतसुद्धा नाही. म्हणून मला तो जास्त गंभीर वाटतो.

खरं तर रायपूरच्या मराठी मुलांची या बाबतीत मुळातच तयारी असते. घरी मराठी, शाळेत हिंदी, बाजारात छत्तीसगढी. शाळेतली 'शिक्षा' म्हणजे शिकणं आणि घरातली म्हणजे मार, हे त्यांना पहिलीतच कळलेलं असतं. याच शहरात राहिलेल्या माधवराव सप्र्यांनी 1900 मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं, पुढे 'दासबोध' आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. इतक्या जवळच्या भाषांत ये-जा करताना किती जपून पाऊल टाकावं लागलं असेल!

ती सावधगिरी इंग्रजीच्या तासालाही हवी. परीक्षेसाठी वाक्प्रचार आणि अर्थ अशा दोन रकान्यांच्या याद्या पाठ करून घेतात, त्या मला निरुपयोगी वाटतात. कोण कुणाला म्हणालं, रागाने की गमतीने, हे त्यात नसतं. शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे: रोज एकच वाक्प्रचार घ्या, पण त्याच्या मागचापुढचा संवाद मुलांकडून बोलवून घ्या. आणि मूल 'हे तर मला येतं' म्हणालं, तर तिथे आवर्जून थांबा.