प्लास्टरमधले केस

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरात १४ जून १९४९ रोजी एका अनोळखी माणसाला मूठमाती देण्यात आली. खर्च उचलला तो रेसकोर्सवरच्या बुकींच्या संघटनेने, निदान सरकारी खर्चाने बेवारशासारखं पुरलं जाऊ नये म्हणून. साल्व्हेशन आर्मीच्या एका कॅप्टनने प्रार्थना म्हटली. दगडावर नाव कोरायची सोय नव्हती. तिथे कोरलं गेलं ते एवढंच, की हा १ डिसेंबर १९४८ रोजी सोमरटन किनाऱ्यावर सापडलेला अनोळखी माणूस.

सापडला तेव्हा तो समुद्रालगतच्या भिंतीला डोकं टेकून, पाय पसरून निवांत पडलेला होता. वय चाळिशीचं, अंगकाठी चांगली, बूट पॉलिश केलेले. खिशात रेल्वेचं न वापरलेलं सेकंड क्लासचं तिकीट, बसचं तिकीट, कंगवा, च्युइंगम, काड्यापेटी. पैशांचं पाकीट नाही, कुठलंही ओळखपत्र नाही आणि कपड्यांवरची लेबलं काढून टाकलेली. शवविच्छेदन करणाऱ्यांना विषाचा दाट संशय आला, पण विष काही हाती लागलं नाही. बोटांचे ठसे कुठेच जुळले नाहीत. वर्तमानपत्रांत फोटो छापून आले; ज्यांनी ज्यांनी ओळखल्याचं सांगितलं, त्यांची ओळख टिकली नाही.

पुढे पँटच्या छोट्या चोरखिशात कागदाची एक सुरनळी मिळाली. त्यावर छापलेलं होतं, ‘तमाम शुद’, म्हणजे समाप्त. उमर खय्यामच्या रुबायांच्या इंग्रजी आवृत्तीचं शेवटचं पान फाडून घेतलेला तो तुकडा होता. (माधव जूलियनांमुळे खय्याम मराठी वाचकाला परका नाही, त्या काळात इंग्रजी वाचणाऱ्या जगात तर तो घरोघरी होता.) नंतर ते पुस्तकही सापडलं. मागच्या पानावर काही अक्षरांच्या ओळी आणि एक टेलिफोन नंबर. नंबर होता किनाऱ्याजवळच राहणाऱ्या एका नर्सचा, आणि तिने या माणसाला ओळखत नसल्याचं सांगितलं.

झालं. शीतयुद्धाचे दिवस, त्याच प्रांतात वूमेराला क्षेपणास्त्रांची चाचणी चाललेली, आणि इथे लेबलं नसलेला एक मृत माणूस सांकेतिक अक्षरं मागे ठेवून गेलेला. तो गुप्तहेर ठरायला आणखी काय हवं होतं? रशियन, अमेरिकन, प्रेमभंग झालेला, विषप्रयोग झालेला, अशी त्याची अनेक चरित्रं सत्तर वर्षं लिहिली गेली. युद्धाच्या रेशनिंगमधून नुकत्याच निघालेल्या देशात माणसं जुने कपडे विकत घेत आणि आधीच्या मालकाचं नाव काढून टाकत, ही साधी शक्यता कुणाला फारशी रुचली नाही.

या सगळ्या काळात त्याची खरी ओळख एका पुतळ्यात अडकून पडलेली होती. दफनाआधी पोलिसांनी पॉल लॉसन नावाच्या कारागिराकडून प्रेताचा साचा घेऊन प्लास्टरचा अर्धपुतळा करवून घेतला होता. लॉसनचा रोजचा धंदा मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरण्याचा. मृतदेहाला मसाला भरून सहा महिने होत आले होते, त्यामुळे पुतळ्यात चेहरा हुबेहूब उतरला असेल असं नाही. मात्र साचा काढताना डोक्याचे काही केस प्लास्टरला चिकटून राहिले. ते कुणी मुद्दाम जपले नव्हते. उलट, रेल्वे स्टेशनच्या सामानघरात सापडलेली त्याची बॅग पुरावा म्हणून जपायला हवी होती, ती १९८६मध्ये नष्ट केली गेली.

अ‍ॅडलेड विद्यापीठातले प्राध्यापक डेरेक अ‍ॅबट या प्रकरणाच्या मागे अनेक वर्षं होते. मे २०२१मध्ये पोलिसांनी थडगं उघडलं, पण अ‍ॅबट यांची भिस्त होती त्या केसांवर. मुळाशिवायच्या केसात डीएनए मोडकातोडका आणि अत्यल्प असतो. तरी नव्या तंत्राने त्यातून वंशावळ जुळवण्याइतक्या खुणा मिळाल्या. अमेरिकेतल्या जनुकीय वंशशास्त्रज्ञ कॉलीन फिट्झपॅट्रिक त्यांच्या जोडीला होत्या. हौसेने डीएनए तपासून घेणाऱ्या लोकांच्या सार्वजनिक साठ्यात त्यांनी दूरचे नातलग शोधले. मग सुरू झालं ते चिकाटीचं काम: जन्माचे दाखले, लग्नाच्या नोंदी, मृत्युलेख यांवरून सुमारे चार हजार माणसांचा वंशवृक्ष. त्यात ज्याच्या मृत्यूची नोंद कुठेच नाही, असा माणूस हुडकायचा होता.

तो निघाला कार्ल वेब. जन्म १६ नोव्हेंबर १९०५, मेलबर्नचं फुटस्क्रे उपनगर. इलेक्ट्रिकल उपकरणं बनवणारा तंत्रज्ञ. २६ जुलै २०२२ रोजी अ‍ॅबट यांनी हे जाहीर केलं, तेव्हा पोलिसांनी त्यावर शिक्कामोर्तब केलेलं नव्हतं. पण बॅगेतल्या एका टायवर ‘टी. कीन’ असं नाव होतं. त्या नावाचा माणूस तपास करणाऱ्यांना कधी सापडला नव्हता. वेबच्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव थॉमस कीन. मेहुण्याचे कपडे अंगाला लावण्यात हेरगिरी ती कसली!

ही बातमी आल्यावर बरेच लोक हिरमुसले. गुप्तहेर गेला आणि हाती आला एक कारागीर, ज्याच्या संसाराची कागदपत्रं वाचवत नाहीत. घटस्फोटाच्या अर्जात बायको डोरोथीने तो तापट असल्याचं, कविता करत असल्याचं आणि त्यातल्या बहुतेक मृत्यूवर असल्याचं लिहिलं होतं. त्या सांकेतिक अक्षरांत घोड्यांची नावं असावीत, असा अ‍ॅबट यांचा तर्क, कारण वेबला पैजा लावायचा नाद होता. तो तर्कच. विषाचा प्रश्नही तसाच राहिला. डीएनए नाव सांगतो, मरण कसं आलं ते सांगत नाही.

पण हेराच्या कुठल्याही कथेपेक्षा त्या अर्जाची तारीख जास्त चमत्कारिक आहे. १९५१. डोरोथी तोवर अ‍ॅडलेडपासून दीडशेएक किलोमीटरवरच्या ब्यूट या गावी राहायला गेली होती आणि नवरा १९४७मध्येच आपल्याला सोडून निघून गेल्याचं कायद्याच्या भाषेत मांडत होती. ज्याच्याविरुद्ध तिचा अर्ज होता, तो त्याच प्रांतात, बुकींच्या पैशाने, दोन वर्षांपूर्वीच पुरला गेला होता.