शंभर डॉलरचे पस्तीस

शनिवारी सकाळी जर्सीहून ट्रेन पकडून मी मॅनहॅटनमधल्या एका बिल्डिंगमध्ये जातो. रस्त्यावर, शेल्टरमध्ये वर्षं काढलेल्या लोकांना तिथे कायमची खोली मिळते. किल्ली त्यांच्याकडे, मदतीला खाली माणसं. मी रेझ्युमे करून देतो. (सॉफ्टवेअरवाल्याला सगळं येतं असा लोकांचा समज असतो, आपणही तो मोडत नाही.)

तिथे पन्नाशीचे एक गृहस्थ आहेत. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणतो. स्किझोफ्रेनिया, आणि रेझ्युमेत नऊ वर्षं कोरी. पहिल्याच दिवशी मी अक्कल शिकवली, "आधी एक्सेलचा कोर्स करा, मग नोकरीचं बघू." काका म्हणाले, "कोर्स चार झालेत."

जॉब कोच बाईंनी मला बाजूला घेतलं. आधी शिकवा, मग नोकरी, ही जुनी रीत. रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी न्यू हॅम्पशरमध्ये ती उलटी केली: माणसाला काम करायचंय ना, मग चारचौघांसारखी, बाजारभावाने पगार देणारी नोकरी लगेच शोधा. आधार नोकरी लागल्यावर द्या, आणि देत राहा. १९९६ साली त्यांची तुलना छापून आली, त्यात या पद्धतीने जास्त लोक नोकरीला लागले होते.

काकांना सुपरमार्केटमध्ये माल लावायचं काम मिळालं. तिसऱ्या आठवड्यात सोडायला निघाले. रात्रीच्या गोळीमुळे सकाळी सहाची शिफ्ट झेपेना. काकांना विचारून बाईंनी मॅनेजरला फोन केला, शिफ्ट अकराची झाली. इतकंच!

दुसरं कारण अवघड होतं. एसएसआय, म्हणजे सरकारी भत्ता. कमाईतले पहिले ८५ डॉलर सोडले की पुढे दर दोन डॉलरमागे एक कापला जातो. शंभर जास्त कमावले की भत्ता पन्नासने कमी. उरलेल्या पन्नासाचे ३० टक्के, म्हणजे पंधरा, भाड्यात. हातात पस्तीस, टॅक्स वेगळा. मी कागदावर मांडलं आणि मलाच लाज वाटली. आपण दहा टक्के इन्क्रिमेंटवरून महिनाभर कुरकुरतो.

पण काकांना पैशांची नव्हे, पाकिटाची भीती होती. सरकारी पाकीट आठवडाभर न उघडता टेबलावर. आम्ही दोघांनी मिळून उघडलं. पेस्लिपा मागितल्या होत्या, बाकी काही नाही. भत्ता शून्यावर आला तरी मेडिकेड चालू राहू शकतं, आणि नोकरी सुटली तर पाच वर्षांच्या आत भत्ता पुन्हा सुरू करायची सोय आहे, हे बाईंनी त्यांना तीनदा सांगितलं. बरोबरच आहे, माझीही खात्री दुसऱ्या वेळी पटली.

"म्हणजे काम गेलं तरी खोली राहणार?" काकांनी विचारलं. राहणार, भाडंही कमी होणार.

"आणि तुझं गेलं तर?"

एच-वन-बी. साठ दिवस. दुसरा एम्प्लॉयर नाहीतर बॅगा. सांगितलं.

काकांनी शिट्टी वाजवली. "आण बघू तुझा रेझ्युमे," म्हणाले.

पुढच्या शनिवारी पेस्लिपा घेऊन बसायचंय.