अठरा दिवसांची फियाट

मोडनिंब हे माढा तालुक्यातील गाव पुणे-सोलापूर महामार्गावर वसलेले आहे. सोलापूर येथून साठेक किलोमीटर. गावाला रेल्वे स्टेशनही आहे. पूर्वी येथून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी धावत असे. आता कुर्डुवाडी-पंढरपूर मार्ग रुंद झाला आहे. रात्रंदिवस ट्रक आणि एस.टी. गाड्यांची ये-जा असलेल्या या गावात केवळ पाहुण्याला हिंडविण्यासाठी कुणी मोटार विकत घेते काय, असे वाचक विचारतील. आम्ही घेतली. तीही जुनी, १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. तिचीच ही हकीकत.

पाहुणे म्हणजे आमचे मामा, आईचे धाकटे भाऊ. वय वर्षे त्र्याहत्तर. त्यांचे गाव सोलापूरच्या पलीकडे, अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, आणि दुष्काळ सरला तरी गावात हाताला काम मिळेना म्हणून मुंबई गाठली. पुढे कुर्ल्याच्या मोटार कारखान्यात लागले. दरवाजे बसविण्याचे खाते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोटारींना दरवाजे बसविले, पण पगार मुलांच्या शिक्षणात आणि चाळीतल्या खोलीत गेला. स्वतःची सायकलसुद्धा झाली नाही.

यंदा जयंतीच्या अगोदर त्यांचा फोन आला, "अठरा दिवस येतो. आक्काला घेऊन एकदा गाव बघायचंय." मामांचे गुडघे गेलेले, आईचेही तेच. एस.टी.ची पायरी दोघांनाही चढवत नाही. भाड्याची जीप करावी तर तिचा किलोमीटरचा हिशोब आणि ड्रायव्हरची घाई. म्हातारी माणसे कुठे उतरतो म्हणाली, तर आपण घड्याळाकडे पाहायचे. म्हणून आम्ही तिघा भावांनी जमवाजमव केली. एक गवंडीकाम करतो, एक साखर कारखान्यात हंगामी आहे, एकाचे शिलाईचे दुकान आहे. थोरल्या वहिनींनी बचत गटातून भर घातली. बार्शीच्या एका निवृत्त गुरुजींची पद्मिनी एका चांगल्या दुभत्या म्हशीच्या किमतीत मिळाली. वस्तीत काही जण हसले. एक जण म्हणाला, "म्हैस घेतली असती तर दूध तरी दिलं असतं."

या गाडीचे आपल्या जिल्ह्याशी नाते आहे. ती बनविणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढली, आणि वालचंद हे १८८२ साली सोलापुरात जन्मलेले. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवानगीने कुर्ल्यात ११०० ही मोटार तयार होऊ लागली. १९७० च्या दशकात तिलाच पद्मिनी म्हणू लागले. लोकांच्या तोंडी मात्र फियाटच राहिली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. अशा शेवटच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. पुढची सीट बाकासारखी सलग आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, त्यामुळे पुढे तिघे दाटीवाटीने बसत. आम्ही मात्र दोनच बसलो, आणि पुढे पट्टे लावून घेतले.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी येथे दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. रंग पाहून भुलू नये, अगोदर कागद पाहावेत. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागते. ते झाले आहे का, कर भरला आहे का, विमा आणि पी.यू.सी. चालू आहे का, कर्जाचा बोजा उतरला आहे का, हे तपासावे. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासावी आणि उठलेला आकडा आर.सी. बुकाशी ताडून पाहावा. गाडी नावावर करण्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. नुसत्या स्टॅम्पपेपरवर व्यवहार करू नये. अपघात झाल्यास नोंदणीत ज्याचे नाव असेल तोही अडकतो. शिवाय नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट आणि टोलसाठी फास्टॅग हवा. आम्ही हे सर्व पुरे केले आणि मगच गाडी दारात आणली. लिंबू-मिरची बांधली नाही. मुलांनी काच पुसून झेंडूची माळ घातली, एवढेच.

मामांना आणायला कुर्डुवाडी स्टेशनवर गेलो. गाडी पाहून ते काही बोलले नाहीत. भोवती एक फेरी मारली, चारही दरवाजे एकेक करून उघडले आणि कान देऊन लावले. मागच्या डाव्या दरवाजाशी थांबले. "हा आमच्याकडचा नव्हं. नंतर कुणीतरी बदललाय." गुरुजींना फोन करून विचारले, तर खरेच निघाले. नंतर मामांनी बॉनेट उघडायला लावले आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलायला सांगितल्या. आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, त्याने जुने रबर लवकर खराब होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. पुढे थोरला भाऊ गाडी चालवायला आणि शेजारी मामा. शेटफळ गेले, मोहोळ गेले. सीना नदीच्या काठी लांबोटीजवळ गाडी बंद पडली. एप्रिलचे ऊन सोलापूरकरांना सांगायला नको. अशा उन्हात इंजिनाजवळ पेट्रोलची वाफ होते आणि पुढे पेट्रोल जात नाही. मामांनी खांद्यावरचा पंचा भिजवून पंपावर टाकला. "पंधरा मिनिटं थांबा. तोवर चिवडा आणा." लांबोटीचा चिवडा प्रसिद्धच आहे. झाडाखाली बहीण-भाऊ चिवडा खात लहानपणीच्या भांडणांवर हसत बसले. कुणालाही घाई नव्हती. पंचा सुकत आला तशी गाडी चालू झाली.

सोलापूर ओलांडून अक्कलकोट रस्त्याला लागलो, तसे मामा बोलायचे थांबले. एके ठिकाणी म्हणाले, "थांबव." खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. खडी त्यांनी इथेच फोडली होती. आता तेथे रुंद डांबरी रस्ता आहे, खुणेचे काहीच उरलेले नाही. आई म्हणाली, "तुझ्या हाताला फोड आलं हुतं, मी हळद लावायची." दोघे पाच मिनिटे तसेच उभे राहिले. भाड्याच्या गाडीतून हे झाले नसते.

पुढे वळसंग. १९३७ साली बाबासाहेब या गावी आले आणि आपल्या लोकांच्या विहिरीचे पाणी त्यांच्या हस्ते काढले गेले. ती विहीर लोकांनी जपली आहे. आईने काठाशी बसून हात जोडले. तेथून मामांच्या गावी गेलो. घराची जागा होती, घर नव्हते. भावकीतल्या सुनेने भाकरी-पिठले केले.

परतताना नातवाने विचारले, "आजोबा, गाडीची एवढी हौस का?" मामांनी त्याला मसूर स्टेशनची हकीकत सांगितली. बाबासाहेबांनी स्वतः ती लिहून ठेवली आहे. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची दोन मुले वडिलांना भेटण्यासाठी निघाली. मसूरला उतरली, तर जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. अखेर एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही मुलांनी स्वतः बैल हाकावेत आणि त्याने पायी चालावे या अटीवर. "पैसे असूनसुद्धा गाडी मिळत नव्हती," मामा म्हणाले, "आणि आज बघ, मला हवं तिथं थांबतिया."

अठरा दिवस संपले आणि मामा मुंबईला गेले. गाडी विकायची असे अगोदर ठरले होते. पण मधल्या काळात शेजारच्या आजींना तपासणीसाठी सोलापूरला नेले, दोन मुलींना परीक्षेला सोडले, आणि हसणारेच आता पेट्रोलचे पैसे काढून गाडी मागतात. पेट्रोल ती जास्त पिते, हे खरे. पुढचे नूतनीकरण येईल तेव्हा हिशोब करू. आपल्या घरातील थकलेल्या माणसांना कुठे जावेसे वाटते, हे मात्र वाचकांनी आजच विचारून ठेवावे. मोटार नसली तर रिक्षा पाहावी, पण थांबायला वेळ हाती ठेवावा. मामांचा दर रविवारी फोन येतो. आमची चौकशी नंतर, पहिला प्रश्न, "मागचा डावा दरवाजा नीट लागतोय का?"