सगळ्यात मागे कोण?

आठ जणांचा कॅम्प ठरवायचा म्हणजे आधी गड निवडायचा नसतो. आधी माणसं मोजायची असतात... नीट!

‘या वीकेंडला कुठेतरी जाऊ या यार!’ हे वाक्य प्रत्येक ऑफिसात आणि प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर गुरुवारी जन्माला येतं आणि शुक्रवारी संध्याकाळी शांतपणे मरतं. मधल्या काळात अंगठे येतात, कुणीतरी तंबूचा झकास फोटो टाकतं. मग एकाचा क्लायंट कॉल, एकीच्या चुलतबहिणीचा साखरपुडा आणि एकाचं ‘बघतो, कन्फर्म करतो’. हा कन्फर्म करणारा माणूस आजवर कुणी पाहिलेला नाही.

आमचा ग्रुप आठ जणांचा, कॉलेजपासूनचा. डिसेंबर २०२४ मध्ये मात्र जायचंच होतं, कारण आमच्यातला एक जण जानेवारीत टोरांटोला निघाला होता. त्याची फर्माईश एकच. हरिश्चंद्रगडावर एक रात्र, तंबूत. रिसॉर्ट नको, ‘कॅम्पिंग विथ डीजे’ तर नकोच नको. प्लॅनिंग अर्थातच माझ्याकडे आलं. फ्रीलान्सर माणूस घरी असतो, म्हणजे रिकामाच असतो, असा जगाचा ठाम समज आहे.

हरिश्चंद्रगड म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे चौदाशे मीटर उंच. वर दगडात कोरल्यासारखं देखणं देऊळ, शेजारी पुष्करणी, केदारेश्वराच्या गुहेत गारढोण पाण्यात उभी असलेली भलीमोठी पिंड. आणि कोकणकडा! आत वळलेली ती अजस्र भिंत एकदा पोटावर पडून पाहिली की ऑफिसातलं अप्रेझल वगैरे फार किरकोळ वाटायला लागतं. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. म्हणजे हे जंगल आहे, बागेतला कॅम्प नाही. वर वीज नाही, मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही.

गडावर जायच्या वाटा अनेक. नळीची वाट म्हणजे दगडधोंड्यांनी भरलेली उभी घळ. ती अनुभवी लोकांनी, दोर आणि माहितगार सोबत घेऊन करायची. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे जाणारी वाट लांबलचक. खिंडीच्या वर एक खडकाळ चढ, त्यापुढे चढउतारांचं जंगल. आणि पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी. एका प्रचंड कातळकड्याच्या पोटाखालून जाते आणि थेट देवळापाशी नेऊन सोडते.

आमच्या ग्रुपमध्ये एक सह्याद्रीपुत्र आहे. त्याच्या बुटांना नेहमी कुठल्यातरी गडाची माती असते. त्याचं मत ठाम. ‘नळी! नाहीतर निदान खिरेश्वर. पाचनईने तर शाळेच्या सहली जातात.’ दोघातिघांनी लगेच अंगठे दाखवले.

त्याच दिवशी बँकवालीचा मेसेज आला. ‘तुम्ही जा रे, एन्जॉय! माझं महिनाअखेरचं काम आहे.’

तारीख चौदा होती. चौदा तारखेला कसली आलीय महिनाअखेर?

ही तीच मुलगी, जी कॉलेजात दर रविवारी पहाटे साडेपाचला आम्हाला फोन करकरून सिंहगडावर न्यायची. दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडली, गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चालायला कधीच परवानगी दिली होती. पण त्यानंतर आमच्या प्रत्येक प्लॅनला तिचं काहीतरी ‘काम’ निघत होतं. आणि आम्हीही ‘ओके डिअर, मिस यू’ टाकून मोकळे होत होतो.

मी तिला फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, ‘अगं, मी मध्येच बसले तर सगळ्यांचा मूड जाईल. त्याचा शेवटचा ट्रेक आहे. मला कुणाचं ओझं व्हायचं नाहीये.’

आता यावर ‘चल गं, काही होत नाही’ म्हणणं सगळ्यात सोपं. पण होतं ना! अर्ध्या वाटेत गुडघा दुखायला लागला, वर अंधार पडला, की त्या ‘काही होत नाही’चा काय उपयोग? म्हणून मी तिला आग्रह केलाच नाही. फक्त विचारलं, ‘तू आत्ता किती चालू शकतेस? बरोब्बर आकडा सांग.’

ती गप्प. दोन वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिलाही माहीत नव्हतं.

मग आम्ही दोघीच निघालो. पहिल्या रविवारी पर्वती, पायऱ्या एकशे तीन. आरामात. दुसऱ्या रविवारी आतकरवाडीतून सिंहगड. वर जायला तिला दोन तास लागले. उतरताना जास्त त्रास झाला. तिला भीती चढाची नव्हतीच, उताराची होती! ही माहिती कुठल्याही पॅकिंग लिस्टमध्ये मिळाली नसती.

त्या रात्री मी ग्रुपवर टाकलं. वाट पाचनई. साधारण अडीच तासांची, आपण चार तास धरतोय. अकराला चढायला सुरुवात, तीनपर्यंत वर. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे हाताशी तीन तास शिल्लक. दुसऱ्या दिवशी सातला उतरायला सुरुवात, दुपारच्या उन्हाच्या आत खाली.

‘चार तास?’ सह्याद्रीपुत्राचा लगेच फोन. ‘मग दोन ग्रुप करू ना. आम्ही खिरेश्वरने येतो, तुम्ही पाचनईने या. वर भेटू.’

ऐकायला हे फार सोयीचं वाटतं. पण वर भेटू म्हणजे कसं भेटू? रेंज नाही, एक ग्रुप अडकला तर दुसऱ्याला कळणार कसं? ऑगस्ट २०२३ मध्ये याच गडाच्या तोलार खिंडीच्या बाजूला पुण्याहून गेलेले सहा जण पावसात आणि धुक्यात वाट चुकले. त्यातल्या एकाचा गारठून मृत्यू झाला. सह्याद्रीपुत्राला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘ठीक आहे. पण सगळ्यात मागे मी चालणार.’

खरं तर ग्रुपमधली हीच सगळ्यात मोठी पोस्ट. पुढे चालणाऱ्याला फक्त वाट माहीत असावी लागते. मागे चालणाऱ्याला माणसं सांभाळावी लागतात.

मग बाकीचं ठरत गेलं. तंबूची परवानगी, शेकोटी, प्रवेश शुल्क यांचे नियम बदलत असतात, म्हणून आधी वन विभागाकडे चौकशी. शेकोटी नाही, दारू नाही. (‘थोडीशीसुद्धा नाही?’ नाही. पुढ्यात कडा आहे बॉस!) तंबू कड्यापासून भरपूर आत आणि अंधार पडल्यावर कड्याकडे एकट्याने जायचं नाही. प्रत्येकाकडे स्वतःचा हेडटॉर्च आणि तीन लिटर पाणी. टाक्यातलं पाणी उकळूनच प्यायचं. जेवायला पाचनईच्या गावकऱ्यांकडचं पिठलं-भाकरी, पण आठ माणसं येताहेत हे आदल्या दिवशीच फोन करून सांगायचं. टोरांटोवाल्याच्या आईकडे एका कागदावर आमची वाट, परतायची वेळ आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर.

आणि हो, ज्यावर ग्रुपवर कुणीच बोलत नाही तो विषय. टॉयलेट! आम्ही तिघी मुली. एकीची तारीख नेमकी त्याच वीकेंडला होती आणि ती याच एका कारणासाठी गळायच्या बेतात होती. तिला वेगळा फोन केला म्हणून कळलं. उपाय साधा निघाला. एक खुरपं, पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांबची जागा, वापरलेलं सगळं कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत खाली परत. आणि जोडीला कुणीतरी टॉर्च घेऊन उभं. बस्स!

सगळ्यात कठीण वाटाघाटी बँकवालीच्या सॅकवरून झाल्या. ती कुणाला द्यायला तयार नव्हती. शेवटी तह झाला. स्लीपिंग बॅग, पाणी आणि ग्रुपचं औषधांचं पाकीट तिच्याकडे, बाकीचं आम्ही सात जणांनी वाटून घ्यायचं. गोळी हवी असेल तर मात्र तिच्याकडेच यायचं!

पहाटे पाचला पुणं सोडलं. नारायणगावात मिसळ, मग आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ करत पाचनई. तीन वाजून दहा मिनिटांनी आम्ही देवळापाशी होतो. चार तास दिल्यामुळे कुणीच कुणाची वाट बघत नव्हतं. टोरांटोवाला त्या कातळाच्या पोटाखाली अर्धा तास नुसता बसून राहिला, तेही हिशेबात बसलं. संध्याकाळी कोकणकड्यावर आठ जण एका रांगेत पालथे पडलो. खाली कोकण निळं होत गेलं. कुणी फारसं बोललं नाही.

सकाळचा उतार मात्र खराखुरा उतार होता. बँकवाली दोन काठ्या घेऊन एकेक पाऊल मोजत उतरत होती. दोनदा बसली. एकदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सह्याद्रीपुत्र मागे होता, तिला हात द्यायला पुढे झाला नाही. फक्त म्हणाला, ‘घाई नाही. साडेअकरापर्यंतचा वेळ आपलाच आहे.’ सव्वाअकराला ती पाचनईत स्वतःच्या पायांनी पोचली. चहाची ऑर्डरही तिनेच दिली.

टोरांटोवाला आता तिकडच्या बर्फात कुडकुडतोय. ग्रुप आठाचाच आहे, फक्त एकाची रात्र आमच्या दिवसात असते. मागच्या आठवड्यात सह्याद्रीपुत्राचा मेसेज आला, ‘पुढचा रतनगड. पण आधीच सांगतो, लोखंडी शिड्या आहेत.’

बँकवालीचा रिप्लाय मिनिटाभरात. ‘किती पायऱ्या?’

आजवर तीनदा रतनगड केलेल्या माणसाला उत्तर येईना. बऱ्याच वेळाने त्याने टाइप केलं,

‘मोजून सांगतो.’