ब्रायटनचे हिंदी इस्पितळ

विलायतेच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन नावाचे शहर आहे. लंडनहून आगगाडीने तेथे जाण्यास सुमारे एक तास लागतो. लोक समुद्राची हवा खाण्यासाठी तेथे जातात. आम्ही मात्र गेलो ते आज अस्तित्वात नसलेले एक लष्करी इस्पितळ पाहण्यासाठी. इस्पितळ गेले, पण ज्या वास्तूत ते होते ती वास्तू अद्यापि उभी आहे.

‘रॉयल पॅव्हिलियन’ हे तिचे नाव. पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर बसलेल्या विलासी राजपुत्रासाठी जॉन नॅश या शिल्पज्ञाने १८१५ ते १८२२ या काळात तिला आजचे रूप दिले. बाहेरून पाहावे तो घुमट आणि मनोरे असे, की आपण आग्र्यास किंवा विजापुरास आलो की काय असा भास व्हावा! व्हिक्टोरिया राणीला ही वास्तू रुचली नाही, आणि १८५० साली ती नगरपालिकेने विकत घेतली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि हिंदी पलटणी फ्रान्सच्या थंडीचिखलात उतरल्या. आपल्या खडकीच्या सॅपर्स पलटणीच्या दोन कंपन्याही त्यांत होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेल येथील हल्ल्यात त्यांची भयंकर हानी झाली. जखमींची सोय करण्यासाठी ब्रायटनमध्ये तीन ठिकाणी हिंदी इस्पितळे उघडली: एक या राजवाड्यात, एक यॉर्क प्लेस येथील शाळेत आणि तिसरे गोरगरिबांच्या आश्रयगृहात. त्या तिसऱ्यास किचनेरचे नाव दिले. राजवाड्यात व लगतच्या ‘डोम’मध्ये मिळून ७२४ खाटा होत्या. डिसेंबर १९१४ मध्ये पहिले रुग्ण आले.

तेथील व्यवस्था ऐकून आम्ही थक्क झालो. नऊ स्वयंपाकघरे! मुसलमानांची निराळी, मांसाहारी हिंदूंची निराळी, शाकाहारी हिंदूंची निराळी. पाण्याचे नळ हिंदू व मुसलमान यांना वेगवेगळे. पाट्या हिंदी, उर्दू आणि गुरुमुखीत. आणि राजाचा जो प्रशस्त मुदपाकखाना, त्याचे झाले शस्त्रक्रियागृह! समुद्र ओलांडला की धर्म बुडाला असे मानणाऱ्या घरांत आमचे बालपण गेले आहे. त्या समुद्रापलीकडे शिपायाचे सोवळे इतक्या कसोशीने सांभाळले गेले, हे वाचून प्रथम आमचा ऊर भरून आला.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ‘बादशहांनी स्वतःचा राजवाडा तुमच्यासाठी रिकामा केला’ अशी समजूत शिपायांमध्ये पसरू दिली गेली. वस्तुतः तो नगरपालिकेचा होऊन चौसष्ट वर्षे लोटली होती. घुमटांखाली मांडलेल्या खाटांची छायाचित्रे काढून हिंदुस्थानात धाडली, ती राजनिष्ठा टिकावी म्हणून. शिपायांच्या पत्रांवर तपासनिसांची नजर असे. बरे झालेल्यांपैकी कितीएकांची रवानगी पुन्हा आघाडीवर होई. किचनेर इस्पितळाच्या आवाराला तर काटेरी तार लावली होती. गोऱ्या स्त्रियांशी संबंध येऊ नये म्हणून शिपायांना मोकळेपणी गावात जाण्याची मनाई होती. या कोंडमाऱ्याने चिडून १९१५ साली एका हिंदी सब-असिस्टंट सर्जनाने तेथील मुख्य कर्नल सीटन यांच्यावर पिस्तूल झाडण्याचा प्रयत्न केला. ज्यांच्या ताटाची इतकी काळजी, त्यांच्या मनाची एवढी धास्ती का असावी? जात पाळली, पण माणसावर विश्वास टाकला नाही, असेच आम्हांस म्हणावे लागते.

तथापि शुश्रूषा खरी होती, हेही तितकेच खरे. पॅव्हिलियन व यॉर्क प्लेस मिळून चार हजारांहून अधिक हिंदी रुग्णांवर उपचार झाले, आणि दगावले ते फार थोडे. १९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून हलले, आणि १९१६ मध्ये त्या खाटांवर हातपाय गमावलेले गोरे सैनिक आले.

जे दगावले, त्यांतील मुसलमानांचे दफन वोकिंग येथील मशिदीजवळ झाले. हिंदू आणि शीख मिळून त्रेपन्न जणांना पॅचम गावावरच्या उघड्या टेकडीवर अग्नी दिला. आम्ही ती टेकडी पायीच चढलो. मेंढरे चरत होती, वारा अंगावरचे उपरणे राहू देत नव्हता. जेथे चिता रचल्या गेल्या, तेथे आठ खांबांची शुभ्र संगमरवरी छत्री उभी आहे. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुणाने केला. १ फेब्रुवारी १९२१ रोजी युवराजांनी तिचे अनावरण केले. त्रेपन्न नावे मात्र दगडावर कोरली गेली ती २०१० साली! दर वर्षी जून महिन्यात लोक येथे जमून त्यांचे स्मरण करतात.

आम्ही ती नावे एकेक करून मोठ्याने वाचली. इस्पितळात चुली नऊ होत्या, येथे घाट मात्र एकच. त्यांची गोत्रे आम्हांस ठाऊक नव्हती. परंतु ज्यांना पाणी देणारे कोणी नाही त्यांच्यासाठीही तर्पणात एक ओंजळ राखून ठेवलेली असते. जवळच्या बाटलीतले पाणी आम्ही त्या पाषाणावर सोडले आणि उतरू लागलो. वाचकांपैकी कोणाची मुलेबाळे त्या देशी असतील, तर त्यांनी एक दिवस काढून ही टेकडी अवश्य चढावी.