सानी की तानी?

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात जे काही 'वाचायचे' असते ते माझ्यापुढे येते. सातबारा, विजेचे बिल, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. गेल्या उन्हाळ्यात त्यात एका कॅसेटची भर पडली. १९८८ साली मुंबईचे चुलत आजोबा गणपतीला आले, तेव्हा त्यांनी आपला नवा टेपरेकॉर्डर जात्याशेजारी ठेवून पणजीच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. पणजीला अक्षरओळख नव्हती, आणि तिच्या ओव्या कुणी लिहूनही ठेवल्या नाहीत. "तू मराठी घेतलंयस नव्हं, मग काढ की लिहून," आजी म्हणाली.

लिहायला बसले, तर ओव्यांपेक्षा टेपची 'सूंऽऽ'च जास्त ऐकू येई. हा काही बिघाड नव्हे. कॅसेटच्या फितीवर चुंबकीय कणांचा लेप असतो. त्या कणांतली अनियमितता म्हणजेच ही खरखर. त्यात फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद, आणि सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी. रे डॉल्बी यांनी घरगुती टेपसाठी १९६८ मध्ये यावर तोड काढली: भरतानाच बारीक, उंच आवाज चढवून ठेवायचे आणि वाजवताना तेवढेच उतरवायचे, की खरखरही खाली येते. पण ते भरतानाच करावे लागते. आमच्या टेपरेकॉर्डरला तसले बटण नव्हते. मागाहून डेकवरचे बटण दाबले, तर पणजीच कांबळ्याखालून बोलल्यासारखी वाटते!

तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसले आणि शेजारचा स्क्रू केसभर फिरवला. हेड फितीला काटकोनात आले आणि आवाज एकदम उघडला. खरखर होती तेवढीच राहिली, पण पणजी तिच्यावर आली. माझ्या मते सगळ्यात मोठा गुण या फुकटच्या कामाने आला. संगणकाचा नंबर त्यानंतरचा.

संगणकावर 'ऑडॅसिटी' हा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. जाते सुरू होण्यापूर्वीची, नुसत्या खरखरीची दोन-तीन सेकंदे त्याला दाखवायची, मग तो तसला आवाज सगळीकडून कमी करतो. सहा डेसिबलला बरे वाटले, बाराला स्वच्छ, आणि चोवीसला पणजी हौदात तोंड घालून गाऊ लागली. त्यातच एक सोय अशी, की जे काढून टाकले जाते तेवढेच ऐकता येते. मी ते ऐकले. त्यात खरखर होती, जात्याच्या घरघरीतला बारीक भाग होता आणि दोन ओव्यांमधला पणजीचा श्वास होता.

हेही मी सोडून दिले असते. पण एक शब्द अडला. आजी लग्न होऊन आली त्याआधी पणजीची एक मुलगी गेली होती. तिचे नाव घरात कुणी घेतले नाही, आणि आता कुणाला ठाऊकही नाही. टेपवर पणजी लेकीची एक ओवी म्हणते. तिथे 'सानी' आहे की 'तानी'? 'सानी' असेल तर ती नुसती लहानगी. 'तानी' असेल तर ते बहुधा नाव आहे.

गंमत म्हणावी की काय, 'स' हाही एक फूत्कारच. टेपच्या खरखरीच्याच जातीचा. खरखर जोरात कापली की 'स'चा फूत्कार तिच्याबरोबर जातो आणि उरलेले अक्षर 'त'सारखे ऐकू येते. बारा डेसिबलला मला स्पष्ट 'तानी' ऐकू येते. न कापलेल्या टेपवर 'सानी'ही वाटते आणि 'तानी'ही. आजीला बाराची ऐकवली तेव्हा ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "तानीच गं." मी काही बोलले नाही.

वहीत मी दोन्ही शब्द लिहिले आहेत, मध्ये तिरपी रेघ. न कापलेली फाइल वेगळी ठेवली आहे. चुलत आजोबांनी त्याच दिवशी दुसरी कॅसेटही भरली होती, असे काकू सांगतात. ती मुंबईला माळ्यावरच्या ट्रंकेत असावी. दिवाळीच्या सुटीत जाणार आहे, रेडिओवाल्या काकांकडून बारीक स्क्रूड्रायव्हर मागून घेऊन.