डबीचा आवाज

डर्बन, ऑगस्ट २०२५

प्रिय मुक्ता,

औषध कंपनीत पॅकेजिंगच्या विभागात लागलीस, हे ताईनं कळवलं. फार आनंद झाला. त्याच कामाशी संबंधित एक गोष्ट तुला सांगायची आहे.

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून इथं रोज एक गोळी देतात. सगळे तिला 'प्रेप' म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत २०१६ मध्ये ती आधी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना मिळू लागली, पुढे इतर तरुण मुलींनाही. गोळी नेमानं घेतली तर चांगलं संरक्षण मिळतं. पण तिच्यातलं टेनोफोविर एचआयव्हीच्या उपचारातही वापरतात आणि डबीही तशीच दिसते. त्यामुळे डबी सापडली की मुलीला लागण झाली असंच घरचे धरून चालतात. तिनं नाही म्हटलं, तर "मग गोळ्या कशाला? कुणाकुणाबरोबर फिरतेस?" मित्राला सांगावं, तर "माझ्यावर विश्वास नाही?"

परवा एकोणीस वर्षांच्या एका मुलीनं माझ्याकडे कापूस मागितला. समोर बसूनच तिनं नवी डबी उघडली, कापूस दाबून भरला, झाकण लावलं आणि कानाशी धरून हलवून पाहिली. मग नखानं लेबल खरवडायला लागली. तिच्या घरी एकाच खोलीत आजी, मामा, भावंडं. पिशवीत गोळ्या खुळखुळल्या की साऱ्या घराला कळतं. काहीजणी गोळ्या दुसऱ्याच डबीत ओततात. या गोळीला दमट हवा चालत नाही, हे तुला सांगायला नको. आणि डर्बनची हवा आपल्या मुंबईसारखीच.

दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या ५,०२९ स्त्रियांवर प्रेपची 'व्हॉइस' नावाची चाचणी झाली होती. बहुतेकींनी औषध नियमित घेतो असं सांगितलं. रक्ताच्या तपासणीत मात्र ते तिसऱ्या हिश्शाहून कमी नमुन्यांत सापडलं. अशा बायकांना बेजबाबदार म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पुढे त्यांच्यापैकी काहीजणींशी मोकळेपणानं बोलल्यावर दुष्परिणामांच्या भीतीबरोबर हीच बदनामीची भीती बाहेर आली.

तरीही 'घरी सांगा, जोडीदाराला विश्वासात घ्या' हा सल्ला सरसकट दिला जातो. मला तो मान्य नाही. आई स्वतः गोळीची आठवण करते, अशी घरं आहेत. पण सांगितल्यावर मार खाणाऱ्या मुलीही आहेत. इथला कायदा बारा वर्षांपुढच्या मुलीला, पुरेशी समज असेल तर, उपचाराला स्वतः संमती देऊ देतो. मग कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, की सांगायचंच नाही, हेही तिनंच ठरवायला हवं.

सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाविरचं इंजेक्शन आलं आहे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. ते स्वस्तात बनवण्याचे परवाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा कंपन्यांना मिळाले, त्यांत पुण्याची एम्क्युअरही आहे. इंजेक्शन घरात लपवावं लागत नाही. पण ते सगळ्यांपर्यंत पोचेपर्यंत बहुतेकींचा आधार गोळीच.

म्हणून सांगते, तुमच्याकडे अशा डबीचा विषय निघाला तर गप्प बसू नकोस. गोळ्या वाजणार नाहीत, दमटही होणार नाहीत आणि औषधाचं नाव लांबून वाचता येणार नाही, अशी डबी करता येईल का ते वरिष्ठांना विचार. नमुना झाला तर मला पाठव. इथल्या मुलींना दाखवून त्यांचं म्हणणं तुला कळवीन.

तुझी,
मावशी